ओशन बीच, सॅन फ्रान्सिस्को: शनिवारचा लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज कसा वाचावा?

लिंडामारकर | गुरुवार, रात्री ९:१०

नमस्कार. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला पॅसिफिका गावात लिंडा मार नावाचा किनारा आहे, तेथे मी गेली चार वर्षे सर्फिंग करतो. तेथील खाडीवजा वळणामुळे लाटा बऱ्याच मवाळ होऊन येतात आणि शिकणाऱ्यांची गर्दी असते. शहराच्या पश्चिम काठावरचा ओशन बीच मात्र मी आजवर भिंतीवर बसूनच पाहिला आहे. या नोव्हेंबरात तेथे पहिल्यांदा उतरावे असे मनात आहे.

शनिवारचा अंदाज असा दिसतो: खोल समुद्रात वायव्येकडून, म्हणजे २९५ अंशांवरून, ९ फुटांचा स्वेल (दूरच्या वादळातून आलेल्या लाटा) आणि कालावधी, म्हणजे एकामागोमागच्या दोन लाटांमधला वेळ, १७ सेकंद, सकाळी पूर्वेकडून ५ ते १० नॉट (ताशी सागरी मैल) वारा, दुपारनंतर वायव्येकडून १५ नॉट, सकाळी ९:४० ला ६ फुटांची भरती आणि दुपारी ४:३० ला शून्याच्याही खाली जाणारी ओहोटी. माझ्या ॲपवर दिवसभर हिरवी पट्टी आहे. पहाटेची थंडी टाळून अकराच्या सुमारास उतरण्याचा विचार आहे. ९ फूट हा आकडा मोठा आहे हे कळते, पण लिंडा मारला ६ फुटांचा अंदाज असताना मी कंबरेएवढ्या लाटांवर खेळलो आहे. जाणकारांनी हा अंदाज कसा वाचायचा ते सांगावे.

गाज | गुरुवार, रात्री ९:२५

ॲपची हिरवी पट्टी लाटेची प्रत सांगते. ती लाट कोणाच्या डोक्यावर फुटणार आहे, हे तिला ठाऊक नसते.

नोरिएगावासी | गुरुवार, रात्री १०:०२

मी या किनाऱ्यासमोर चौदा वर्षे राहतो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपण दिलेल्या आकड्यांपैकी एकही चुकीचा नाही, आणि तरीही त्यांतून आपण काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. लिंडा मारच्या खाडीवजा वळणात स्वेलचा बराचसा जोर आधीच निघून गेलेला असतो. ओशन बीच सुमारे साडेपाच किलोमीटर सरळ पश्चिमेला तोंड करून उभा आहे आणि मध्ये आडोसा असा काही नाही. त्यामुळे तेथला ६ आणि येथला ६ यांची तुलना करू नये.

दुसरी गोष्ट बाहेर पडण्याची. येथून दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या मॅव्हरिक्सच्या प्रचंड लाटांची नावे सगळे घेतात, पण ती लाट खडकावर, ठरलेल्या जागी फुटते आणि तिच्या बाजूने खोल पाण्याची वाट आहे. ओशन बीचला तळ वाळूचा आहे. वाळूचे पट्टे प्रत्येक वादळानंतर सरकतात, लाट आज नोरिएगा रस्त्यासमोर फुटते तर पुढच्या आठवड्यात तीन गल्ल्या दक्षिणेला, आणि मोठ्या दिवशी बाहेर जायला हमखास अशी वाट उरत नाही. आतला पट्टा, मधला खड्डा, बाहेरचा पट्टा हे सगळे लाटांखालून बुडी मारत पार करावे लागते. कसलेल्या माणसालाही अर्धा तास सहज लागतो, आणि पुष्कळदा तो अर्ध्या तासाने जेथून निघाला तेथेच, पण चार गल्ल्या दूर, वाळूवर येऊन पडतो.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट: शनिवारचा स्वेल हा चढता स्वेल आहे. आपल्या ॲपने दिवसाला एक आकडा दिला आहे, समुद्र मात्र सकाळी सहाला आणि दुपारी बाराला वेगळा असणार आहे. या किनाऱ्यावर पहिल्यांदा उतरायचेच असेल तर उतरत्या स्वेलच्या दिवशी उतरावे. मग निदान आत असताना परिस्थिती बिघडत तरी नाही.

आकडेमोड | गुरुवार, रात्री १०:४०

नोरिएगावासी यांच्या शेवटच्या मुद्द्यामागचे गणित मांडतो.

खोल पाण्यात लाटांचा समूह जितक्या नॉटने सरकतो, तो आकडा कालावधीच्या साधारण दीडपट असतो. १७ सेकंदांचा स्वेल २५ नॉटने, २० सेकंदांचा ३० नॉटने आणि १४ सेकंदांचा २१ नॉटने येतो. वादळ अल्युशियन बेटांच्या दक्षिणेला २००० सागरी मैलांवर असेल, तर २० सेकंदांच्या लाटा सुमारे ६७ तासांत, १७ सेकंदांच्या ७८ तासांत आणि १४ सेकंदांच्या ९५ तासांत किनाऱ्याला लागतात. म्हणजे आधी येतात त्या लांब कालावधीच्या, संख्येने थोड्या आणि उंचीने अजून लहान लाटा. त्यांच्या दोन गटांमध्ये दहा-पंधरा मिनिटे समुद्र तळ्यासारखा पडलेला असतो. नवखा माणूस नेमक्या त्या वेळी किनाऱ्यावर पोहोचतो आणि म्हणतो, एवढे काही नाही.

आता ९ फुटांविषयी. हा आकडा खोल पाण्यातला आहे. उथळ पाण्यात येताना लाट मंदावते आणि उंचावते, आणि कालावधी जितका मोठा तितकी अधिक उंचावते. ९ फूट आणि ९ सेकंद असा स्थानिक वाऱ्याचा समुद्र फुटताना सुमारे ११ फुटांचा होतो. ९ फूट आणि १७ सेकंदांचा स्वेल सुमारे १४ फुटांचा. किनाऱ्याच्या प्रत्येक मीटरवर आदळणारी ऊर्जा दुसऱ्या बाबतीत जवळजवळ दुप्पट असते. शिवाय १७ सेकंदांच्या लाटेची लांबी खोल पाण्यात सुमारे ४५० मीटर असते आणि तिला त्याच्या निम्म्या खोलीपासूनच, म्हणजे सव्वादोनशे मीटरवरच, तळ जाणवू लागतो. म्हणून ती समुद्रतळाच्या उंचसखल भागांप्रमाणे वळते. ओशन बीचसमोर हा तळ फारच विचित्र आहे, त्याविषयी उद्या लिहीन.

हर्णैकर | शुक्रवार, सकाळी ६:१५

आमचे घराणे हर्णै बंदराजवळचे. मी स्वतः फळीवर कधी उभा राहिलो नाही आणि या वयात राहणारही नाही, पण वारा आणि पाणी यांविषयी दोन शब्द.

आपण ज्याला पूर्वेचा वारा म्हणता तो आमचा मतलई, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा. दुपारचा तो खारा. कोकणात पहाटे मतलईवर होड्या बाहेर काढायच्या आणि दुपारी खाऱ्यावर परत यायचे, हा शिडाच्या काळातला नेम होता. मतलई लाटेचे तोंड ताठ धरतो, ती उशिरा आणि एकदम फुटते. खारा तिला मागून ढकलून विस्कटून टाकतो. मुलाकडे आलो की सकाळी किनाऱ्यावर फेऱ्या मारताना येथेही तेच पाहतो. फळीवाले मतलईच्या दिवशी खूश असतात, पण तो वारा थकलेल्या माणसालाही किनाऱ्यापासून दूरच ढकलतो, हे कोणी बोलत नाही.

आमच्याकडे तिथीच्या पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशेब मी येथेही लावून पाहिला आणि नातवासमोर फजिती करून घेतली, कारण येथे दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. एक चांगली भरते आणि दुसरी जेमतेम. तिथीवरून वेळ सांगाल, पाणी किती चढेल ते कसे सांगणार? मात्र शनिवारी उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी आहे, भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी नाही, एवढे या मुलाने दिलेल्या आकड्यांवरूनही दिसते.

आकडेमोड | शुक्रवार, सकाळी ८:३०

हर्णैकरकाका, आपला शेवटचा मुद्दा लिंडामारकर यांच्या अकरा वाजण्याच्या बेताला थेट लागू होतो. गोल्डन गेटच्या अरुंद तोंडातून संपूर्ण उपसागराचे पाणी आत-बाहेर करते. त्या ओहोटीने बाहेर आणून टाकलेल्या वाळूचा घोड्याच्या नालासारखा एक बांध तोंडासमोर समुद्रात पसरला आहे. त्याच्या उत्तर बाजूच्या उथळ भागाचे अधिकृत नाव फोरफॅदम बँक, म्हणजे चार वाव खोलीचा, आणि बोलीतले नाव पोटॅटो पॅच.

वायव्येचा लांब कालावधीचा स्वेल या बांधावरून येताना भिंगातून जाणाऱ्या प्रकाशासारखा वळतो आणि ओशन बीचच्या काही भागांवर एकवटतो. एकाच सकाळी एका गल्लीसमोर ८ फूट आणि अर्ध्या मैलावर १५ फूट असे दिसते ते यामुळे. स्वेल फारच उत्तरेकडून, म्हणजे ३१० अंशांच्या पुढून आला, तर पॉइंट रेयीसचे भूशिर त्याला बरेच अडवते. २९५ अंशांना ते फारसे अडवत नाही.

आता ९:४० नंतर उधाणाची ओहोटी सुरू होणार. बाहेर जाणारा जोरदार प्रवाह आणि समोरून येणारा स्वेल यांची गाठ पडली की लाटा आखूड आणि उभ्या होतात. त्यातच बाहेरच्या पट्ट्यावरचे पाणी कमी होत जाणार आणि स्वेल चढत जाणार. अकरा ही वेळ आपण शोधूनच काढली आहे असे वाटते.

सुपारी | शुक्रवार, सकाळी ८:५२

समुद्रात बटाट्याचे शेत कोणी लावले, हे कृपया सांगावे.

नोरिएगावासी | शुक्रवार, सकाळी ९:२०

सुपारी, बोडेगाकडून बटाटे घेऊन येणाऱ्या होड्या तेथे हेलकावून डेकवरचा माल समुद्राला अर्पण करीत, अशी आख्यायिका आहे. खरेखोटे तो समुद्र जाणे.

स्पष्टवक्ता | शुक्रवार, दुपारी १२:१०

मला या चर्चेचा सूर पटत नाही. ‘फक्त तज्ज्ञांसाठी’ ही पाटी अनेकदा जुन्या मंडळींनी गर्दी टाळण्यासाठी लावलेली असते. मी स्वतः जुलै-ऑगस्टमध्ये ओशन बीचला २ ते ३ फुटांच्या लाटांत उतरलो आहे आणि मध्यम दर्जाचा असूनही सुखरूप परत आलो आहे. प्रत्येकाने पहिल्यांदा कधीतरी उतरायचेच असते. त्याला बारा पाने गणित वाचायला लावून काय साधणार?

नोरिएगावासी | शुक्रवार, दुपारी १:०५

आपल्या आक्षेपात तथ्य आहे आणि तो मी मान्य करतो. किनारा वर्षभर तज्ज्ञांसाठी नसतो. वसंतात वायव्येचा वारा दिवसच्या दिवस वाहतो आणि सगळे पाणी खवळलेल्या ताकासारखे दिसते. उन्हाळ्यात धुके असते आणि लाटा पुष्कळदा लहान असतात. खरा मोसम सप्टेंबरअखेरीस उघडतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ पूर्णपणे वेगळा. वाद किनाऱ्याविषयी नाही, या एका शनिवारविषयी आहे.

मात्र लहान दिवसांविषयीही एक सांगतो. रिप करंट, म्हणजे माणसाला किनाऱ्यापासून आत ओढणारे प्रवाह, लाटांच्या उंचीकडे पाहून सुट्टीवर जात नाहीत. राष्ट्रीय उद्यान सेवेने किनाऱ्याच्या वाटांवर लावलेले फलक वाचा. येथे पोहताना आणि नुसते पाण्यात चालतानाही माणसे बुडाली आहेत, असे त्यांवर लिहिले आहे. माझी लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधणारी दोरी, एकदा तुटली, तो दिवस अवघ्या ५ फुटांचा होता. बोर्ड किनाऱ्याला लागला आणि मी पंचवीस मिनिटे पोहत होतो. पाणी १२ अंश सेल्सिअस. शेवटच्या पाच मिनिटांत हाताची बोटे एकत्र राहत नव्हती आणि प्रत्येक हातामागे पाणी निसटत होते.

जुडाहची प्रवासी | शुक्रवार, दुपारी २:३०

मी पाण्यात जात नाही, पण नवरा जातो, म्हणून एन-जुडाह ट्राम जेथे संपते त्या टोकाला कित्येक सकाळी थर्मास घेऊन उभी राहिले आहे. किनाऱ्यावर थांबणाऱ्यांसाठीही हा धागा उपयोगी पडावा, म्हणून लिहिते. लांब कालावधीच्या स्वेलच्या दिवशी राष्ट्रीय हवामान सेवेचे माँटेरे येथील कार्यालय किनाऱ्यावरील धोक्याचा इशारा काढते आणि त्यात अचानक वर चढणाऱ्या लाटांचा उल्लेख असतो. वीस मिनिटे कोरडी राहिलेली वाळू एकदम गुडघाभर पाण्याखाली जाते. मुलांना आणि कुत्र्यांना घेऊन शनिवारी ओल्या वाळूवर जाऊ नये आणि समुद्राकडे पाठ करून छायाचित्रे काढू नयेत.

लिंडामारकर | शुक्रवार, सायंकाळी ६:४५

सर्वांचे आभार. अकराचा बेत रद्द केला आहे. स्पष्टवक्ता यांनी माझी बाजू घेतली हे बरे वाटले, पण आकडेमोड यांचे ‘शोधूनच काढली’ वाचून घरात सगळे हसले.

एक शंका उरते. अंदाज हा अंदाजच. निघण्यापूर्वी प्रत्यक्ष काय चालले आहे ते कोठे पाहावे?

आकडेमोड | शुक्रवार, सायंकाळी ७:३०

बोये, म्हणजे समुद्रात तरंगत लाटा मोजणारी यंत्रे, पाहावेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या पश्चिमेला सुमारे १८ सागरी मैलांवर ४६०२६ क्रमांकाचा बोया आहे. तेथे नोंदलेला लांब स्वेल साधारण पाऊण तासात आपल्यासमोर फुटतो. पॉइंट रेयीसबाहेरचा ४६२१४ वायव्येकडे असल्याने बहुधा त्याहून आधी खबर देतो. बांधावरच ४६२३७ आहे, पण त्याची नोंद येईपर्यंत लाट दारात आलेली असते.

वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, बोया सांगतो ती उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. हजार लाटांत एखादी जवळजवळ दुप्पट उंचीची असते, आणि १५ सेकंदांच्या कालावधीला हजार लाटा चार तासांत होतात. दुसरी, एकूण उंचीचा आकडा स्वेल आणि वाऱ्याच्या लाटा एकत्र करून येतो. स्वेलची उंची आणि कालावधी वेगळ्या रकान्यांत दिलेले असतात, ते पाहावेत. कालावधीच्या रकान्यात आदल्या रात्री ११ सेकंद असताना पहाटे एकदम २० दिसले, तर उंची किती का असेना, नवा पाहुणा आला आहे.

हर्णैकर | शुक्रवार, रात्री ८:१०

हा लांबून येणारा पाहुणा आपल्याकडेही येतो. वारा नाही, आभाळ स्वच्छ, आणि एप्रिल-मेच्या दुपारी केरळच्या वस्त्यांत पाणी शिरते. त्याला तिकडे कल्लक्कडल म्हणतात, चोर समुद्र. तो दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांचा स्वेल असतो, आणि हैदराबादची इन्कॉइस संस्था आता त्याची आगाऊ सूचना देते. आपल्या मुंबईत मात्र महापालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरवरच्या भरत्यांची यादी काढते आणि लोक त्याच तारखांना मरीन ड्राइव्हवर भिजायला जातात.

सुपारी | शुक्रवार, रात्री ८:१८

काका, ती यादी म्हणजे आमच्यासाठी कार्यक्रमपत्रिकाच होती.

नोरिएगावासी | शनिवार, दुपारी १:४०

आजचा वृत्तांत. पहाटे साडेसहाला ४६०२६ वर स्वेल ६ फूट, कालावधी २० सेकंद. मतलई अगदी हलका, काकांचा शब्द आता मी कायमचा उचलला आहे. वाळूच्या टेकडीवर उभा राहून घड्याळ लावले: तेरा मिनिटे काहीही नाही, नंतर पाच लाटा, त्यांतील तिसरी बाहेरच्या पट्ट्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदम कोसळली. मी सातला आत गेलो, दोन लाटा घेतल्या आणि पावणेनऊला बाहेर आलो. साडेदहाला स्वेल १० फूट, १७ सेकंद. तोवर पाण्यात उरलेले सहा जण दिसत होते. अकराला चार, त्यांतील दोघे किनाऱ्याकडे येण्यासाठी वाट शोधत होते. दोघेही बाहेर आले, पण दक्षिणेला स्लोट रस्त्याच्या जवळ, बऱ्याच वेळाने.

स्पष्टवक्ता | शनिवार, दुपारी ३:०५

मीही टेकडीवर होतो. आजच्यापुरते माझे शब्द मागे घेतो, जुलैपुरते कायम ठेवतो.

लिंडामारकर | मंगळवार, रात्री ९:३०

उशिरा लिहितो आहे, कारण काल दोन्ही खांदे वर जात नव्हते.

रविवारी ७ फूट, १४ सेकंद होते, तेव्हा केवळ पाहिले. सोमवारी सकाळी बोयावर ५ फूट, १२ सेकंद, उतरता स्वेल, हलका मतलई, भरती चढत होती. पावणेसातला नोरिएगासमोर उतरलो. ४-३ मिलिमीटरचा वेटसूट, बूट आणि टोपी, नवी लीश, सोबत नोरिएगावासी यांच्या ओळखीचे एक गृहस्थ.

आतला पट्टा ओलांडायला बारा मिनिटे लागली. मधल्या खड्ड्यात आल्यावर वाटले, झाले. तेथून बाहेरच्या पट्ट्याकडे जाताना समोरून गट आला. पहिल्या दोन लाटांखालून बुडी मारली, तिसरीने बोर्ड हातातून काढून घेतला आणि पुढच्या चारांनी मला पुन्हा आतल्या पट्ट्यावर आणून ठेवले. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. पन्नास मिनिटांनी वाळूवर उभा राहून पाटी पाहिली तर समोर रिवेरा रस्ता. येथील रस्ते इंग्रजी वर्णक्रमाने आहेत हे बरे. ‘एन’ला उतरलो, ‘आर’ला निघालो, म्हणजे चार गल्ल्या दक्षिणेला. लाट एकही मिळाली नाही. सोबतच्या गृहस्थांनी बाहेर जाऊन तीन घेतल्या, आणि त्यांचे वय माझ्या वडिलांएवढे आहे.

सोमवारचा हा समुद्र ५ फुटांचा होता. शनिवारी अकराला मी उतरलो असतो, या विचाराने काल रात्री जरा उशिराच झोप लागली.

आकडेमोड | मंगळवार, रात्री ९:५०

वायव्येचा स्वेल किनाऱ्याला तिरपा लागतो, त्यामुळे पाणी दक्षिणेकडे वाहते. पुढच्या वेळी उत्तरेला चार गल्ल्या आधी उतरा, म्हणजे जुडाहला.

जुडाहची प्रवासी | मंगळवार, रात्री १०:०५

जुडाहला चहा मिळेल. ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ उभी असेन.

लिंडामारकर | मंगळवार, रात्री १०:२०

नक्की. मात्र बोर्डाचा मधला पंख वाळूत आपटून मुळापासून उखडला आहे. शहरात राळेचे काम नीट करणारे कोणी ठाऊक असल्यास कळवावे. गुरुवारी ४६२१४ वर काय दिसते त्यावर पुढचे ठरवू.

हर्णैकर | बुधवार, सकाळी ६:०५

पंख दुरुस्त होईपर्यंत भांगाचे दिवस येतील. घाई करू नकोस.